फाइलीवरची तारीख

छापील तारखेवर आपला भारी विश्वास! पोस्टाचा शिक्का असो की शाळेचा दाखला, तारीख दिसली की शंका संपली. संगणकाच्या पडद्यावर तर वेळ सेकंदापर्यंत दिसते. तिच्यावर अविश्वास दाखवणारा अडाणीच ठरायचा.

गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मराठी शब्दांची अकारविल्हे यादी लावणारा छोटा प्रोग्रॅम केला. नियम असा, की काम ठरल्या तारखेच्या आत पुरे हवे. सादरीकरण चार दिवसांनी. त्या दिवशी तिने पेनड्राइव्हवरून फाइल सभागृहातल्या संगणकावर उतरवली. परीक्षकांनी 'निर्मिती'ची तारीख पाहिली. ती त्याच दिवसाची! प्रवेशिका बाद. खालच्याच ओळीत 'बदल' केल्याची तारीख मुदतीच्या आधीची होती. जन्माआधीच बदललेली फाइल! पण तिथे बोलायचे कोणी?

संगणकशास्त्र माझा विषय नव्हे, मी इतिहासाची विद्यार्थिनी. पण आमच्याकडे जुने पत्र हाती आले की नुसती मिती वाचून कोणी थांबत नाही. हे मूळ की नक्कल? मिती मूळची की नक्कल करणाऱ्याची? परीक्षकांनी वाचली ती नकलेची मिती होती.

तारीख निरुपयोगी आहे असे नाही. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन केले. मूळ लेखन तयार प्रोग्रॅमपेक्षा नवे असेल तरच ते पुन्हा बांधणी करते, आणि नवे-जुने ठरवते ते तारखेवरूनच. एका घरात, एका घड्याळाखाली हा हिशेब ठीक चालतो. फाइल घराबाहेर पडली की गोंधळ. 'गिट'मधून लेखन उतरवून घेतले तर त्यावर उतरवल्याची वेळ बसते, लिहिल्याची नव्हे.

विंडोजच्या प्रोग्रॅमच्या पोटातही बांधणीच्या वेळेची एक जागा असते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद तिथे लिहायची रीत. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टच्या कित्येक फाइलींत त्या जागी मजकुरावरून काढलेला आकडा असतो. तारीख म्हणून वाचला तर भलतेच साल निघते, कधी भविष्यातलेही! कारण सरळ आहे. बांधणीची वेळ आत लिहिली की एकाच लेखनातून दोनदा केलेले प्रोग्रॅम तंतोतंत सारखे निघत नाहीत. मग मधे कोणी काही घुसडले का, हे ताडून पाहायचे कसे? जाणत्यांनीच तारीख बाहेर काढली, ती यासाठी.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. मैत्रिणीची 'बदल' तारीख हाही पुरावा नव्हे. संगणकाचे घड्याळ मागे करायला अर्धे मिनिट लागते. म्हणजे तारखेने ती दोषी ठरत नाही, तशी निर्दोषही ठरत नाही.

उपाय फुकटचा आहे. फाइलीच्या मजकुरावरून संगणक एक लांबलचक आकडा काढून देतो. एक अक्षर बदलले तरी तो आकडा बदलतो. मुदतीच्या दिवशी प्रत्येकाकडून तेवढा आकडा लिहून घ्यावा आणि सादरीकरणाच्या वेळी जुळवावा. असे पत्र आम्ही चौघींनी आयोजकांना पाठवले. उत्तर नाही. यंदाचे नियमपत्रक मात्र आले आहे. तारखेचे कलम जसेच्या तसे आहे. मैत्रिणीने पुन्हा नाव दिले आहे.