दुसरी बॉडी

घरात म्हटलं, "माय, दुसरी बॉडी घ्याची हाये." तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. "कोनाची बॉडी?"

हसू नका. आमच्या भंडारा जिल्ह्यात, आमच्या वस्तीत, बॉडी म्हणजे पोस्टमॉर्टेम. बॉडी म्हणजे सही करून ताब्यात घ्यायची गोष्ट. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली, तेव्हापासून हा इंग्रजी शब्द आमच्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. मी तिला समजावलं, लेन्स काढली की उरतो तो कॅमेरा, त्याला बॉडी म्हणतात. ती म्हणाली, "मंग एक हाये ना. दुसरी काहाले?"

हाच प्रश्न मंडळातल्या शिकल्यासवरल्या पोट्ट्यांनीही विचारला. तिच्याइतका सरळ नाही, आडवळणानं. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याजवळ एक कॅमेरा आहे, कॅननची ८०डी. चौघांनी मिळून घेतलेली. लेन्सा तीन: दिवसाच्या लांबच्या कामाला ५५-२५०, रात्रीला ८५ मिमी एफ १.८, आणि जवळच्या गर्दीला २४ मिमीची चपटी. गेल्या हिवाळ्यात दिव्यांच्या उजेडात मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. वस्तीची टीम एका गुणानं मागं. शेवटची चढाई. चढाई तीस सेकंदांची असते, पण खरा खेळ शेवटच्या एक-दोन सेकंदांत. आमची पोरगी पलीकडच्या कोपऱ्यात होती म्हणून मी ८५ लावून बसलो होतो. ती वळली आणि थेट माझ्या पुढ्यात, मधल्या रेषेवर, अंगावर तिघींना घेऊन पडली. हात रेषेच्या पार. टीम जिंकली. त्या वेळी साला माझ्या एका हातात ८५, दुसऱ्या हातात २४ आणि मांडीवर उघड्या तोंडाची बॉडी! लेन्स बदलायला मला वीस सेकंद लागतात. तिला दोन लागले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. कशाचा? प्रमुख पाहुणे ढाल देताहेत त्याचा. पाहुणा हलत नाही ना! त्याचा फोटो कोणत्याही डबड्यातून निघतो. प्रस्थापितांच्या कागदावर आमची माणसं दोनच रूपांत येतात: रांगेत उभी, नाहीतर आडवी. धावणारी, उडी घेणारी, पकड तोडणारी आमची पोरगी कोणाच्या अल्बमात आहे? तिच्यासाठी दोन बॉड्या लागतात. एकीवर ८५, दुसरीवर २४, दोन्ही गळ्यात. एक खाली सोडायची, दुसरी उचलायची. एवढंच तंत्र. पण हे तंत्र पैशाचं आहे, आणि आमच्या गल्ल्यात वर्गणीचे पस्तीस हजार जमले.

झालं! वाद सुरू.

एक गट म्हणाला, नवी डबाबंद घ्या. २०१८ साली निघालेली १५००डी. बिल, वॉरंटी, पिशवी, कार्ड, सगळं फुकटात. दुकानदारानंही तीच पुढं केली: "चोवीस मेगापिक्सल हाये भाऊ!" अरे, मेगापिक्सल काय चाटायचे? ती सेकंदाला तीन फोटो काढते. फोकसचे बिंदू नऊ. हिशेब करून पाहा. लाखनी-साकोलीकडे धान कापून झाल्यावर शंकरपट भरतात. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंद केले होते, २०२३ च्या निकालानं पुन्हा रस्ता मोकळा झाला. जोडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला दहा मीटर. तीन फोटोंच्या कॅमेऱ्यात एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत जोडी तीन मीटरच्या वर पुढं गेलेली. त्या तीन मीटरांत बैलाचे चारही पाय हवेत येऊन गेले, धुरकऱ्याचा तोल गेला आणि सावरला, आणि तुमच्याकडं त्यातलं काही नाही. सेकंदाला दहा फोटो काढणारी बॉडी असेल तर हेच अंतर एका मीटरवर येतं. मधली दोन मीटरं म्हणजेच फोटो.

शिवाय १५००डीची बॅटरी वेगळी. ८०डीची तिला बसत नाही, तिची ८०डीला बसत नाही. म्हणजे दोन चार्जर आणि ऐन वेळी नको तीच बॅटरी हातात. दुसरी बॉडी ही पहिलीची सख्खी बहीण पाहिजे. लेन्स तीच, बॅटरी तीच, बटणं अंधारात बोटांना सापडतील अशीच.

दुसरा गट आधुनिक. मिररलेस घ्या म्हणाला, २०२२ ची आर१०. खोटं कशाला बोलू, ती भारी आहे. यांत्रिक शटरनं सेकंदाला पंधरा फोटो. माणसाचा डोळा स्वतः शोधून धरते. फोकसच्या बाबतीत जुन्या सगळ्यांची बाप. पैसे असते तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. पण आमच्या लेन्सांना मधे अडॅप्टर लागतो, बॅटरी पुन्हा वेगळीच, आणि पस्तीस हजारांत नवी येत नाही. कर्ज काढून घेऊ म्हणणाऱ्यांना मी विचारलं, हप्ता कोण भरणार, कॅमेरा की त्याचा बाप?

माझं मत जुन्या ७डी मार्क टूला. २०१४ साली निघाली, खेळ आणि पाखरं टिपणाऱ्यांसाठीच बनवलेली. सेकंदाला दहा फोटो, फोकसचे बिंदू ६५, शटर दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेलं. ८०डीचीच बॅटरी, त्याच लेन्सा. शिवाय एक गोष्ट आमच्या मैदानांसाठी फार मोठी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मैदानावरचे ट्यूब आणि हॅलाइडचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. लागोपाठच्या पाच फोटोंत एक उजळ, एक पिवळट, एक काळा. हाच कॅमेरा घेऊन कॅननने पहिल्यांदा अशी सोय आणली की दिवा तेज असेल त्याच क्षणी शटर पडावं. आमच्या ८०डीतही ती आहे, म्हणून सांगतो, ती मेनूत जाऊन चालू करा. आमच्यातल्या एकानं वर्षभर चालू केली नव्हती आणि मंडपवाल्याला शिव्या देत होता.

तिचे दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही मला दलाल म्हणाल. आयएसओ ३२०० च्या वर गेलात की फोटोत दाणे दिसतात. पडदा वळत नाही. वायफाय नाही, फोनवर फोटो पाठवायचा तर कार्ड रीडर खिशात ठेवा. रॉमध्ये तीसेक फोटो झाले की दम लागतो, म्हणजे सलग बोट दाबलं तर तीन सेकंदांत. म्हणून जेपीईजीत काढा, किंवा बोटाला शिकवा. आत जीपीएस आहे. फोटो कुठं काढला ते फाइलीत लिहिलं जातं. पटाला ठीक आहे, मोर्चाला जाताना बंद करून जा. तसाही तो एका मोडवर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातो.

आता खरा मुद्दा. या मुद्द्यावर मंडळाची बैठक रात्री एकपर्यंत चालली आणि एक जण उठून गेला.

तो म्हणाला, "आपल्या वाट्याले जुनंच काहून? शाळेची पुस्तकं जुनी, वाड्यावरचे उतरलेले कपडे, आता कॅमेराही कोनाचा तरी उतरलेला? महाडले बाबासाहेबानं काय सांगतलं होतं?" बैठक गप्प झाली. खोटं नव्हतं ते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका म्हणून बजावलं. माझ्या बापानं लग्नातही दुसऱ्याचा कोट घातला नाही. हा राग मला कळतो. तो माझ्याही रक्तात आहे.

पण मित्रा, उतारा म्हणजे काय? कोणीतरी दया म्हणून फेकलं आणि आपण मान खाली घालून उचललं, तो उतारा. इथं आपण तपासणार, घासाघीस करणार, नको ते तोंडावर फेकून येणार, आणि आपल्या कष्टाचे पैसे मोजून बिल घेणार. यात मान कुठं खाली गेली? गॉर्डन पार्क्स नावाचा काळा माणूस अमेरिकेत रेल्वेच्या डब्यात वाढप्याचं काम करायचा. त्यानं पहिला कॅमेरा सिएटलच्या एका गहाणवटीच्या दुकानातून घेतला, वापरलेला, थोडक्या डॉलरात. १९४८ मध्ये 'लाइफ' मासिकात तो पहिला काळा स्टाफ फोटोग्राफर झाला. त्याच्या फोटोत कॅमेऱ्याचा पहिला मालक कुठं दिसतो? उलट ती नवी डबाबंद घ्या. तीन फोटोंचा वेग आपल्यासाठी, दहांचा वेग त्यांच्यासाठी, असं कंपनीनं आधीच ठरवून ठेवलंय. ते मुकाट्यानं मान्य करणं मला जास्त उष्टं वाटतं.

तो अजून रुसलेला आहे. येईल.

तपासायचं कसं, ते पोट्टे नेहमी विचारतात. निकॉनच्या फोटोफाइलीतच किती क्लिक झाले तो आकडा असतो. कॅननच्या बहुतेक फाइलींत नसतो, म्हणून विकणाऱ्याच्या "फक्त वीस हजार क्लिक"वर जाऊ नका. हाताच्या पकडीचं रबर आणि बटणांवरची अक्षरं पाहा, ती खोटं बोलत नाहीत. सीएफ कार्डाच्या खाचेत टॉर्च मारा, आतल्या बारीक पिना वाकलेल्या असल्या तर तिथूनच नमस्कार करा. आपलं कार्ड, आपली ८५ घेऊन जा. दुकानाबाहेर येऊन समोरून येणाऱ्या ऑटोवर सलग बोट दाबा आणि फोटो मोठे करून पाहा, नंबरप्लेट किती फोटोंत वाचता येते. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा एक काढा. सेन्सरवरची घाण ठिपक्यांसारखी दिसेल. ती साफ होते, ओरखडा जात नाही.

आणि बिल. बिलावर बॉडीचा नंबर, तळाशी असलेल्या नंबराशी जुळणारा. यात तडजोड नाही. दोन वर्षांपूर्वी सामन्याहून रात्री परत येताना मला नाक्यावर थांबवलं. आडनाव विचारलं, मग पिशवी उघडायला लावली. "हा कुठून आणला?" चोरला का, असं कोणी म्हणालं नाही, म्हणायची गरज नव्हती. ८०डीच्या बिलाची झेरॉक्स पिशवीत होती म्हणून अर्ध्या तासात सुटलो. दोन बॉड्या गळ्यात असतील तर दोन झेरॉक्स लागतील. वरच्या आळीतल्या पोराला हा सल्ला द्यावा लागत नाही. तुम्हाला देतो आहे.

रविवारी सकाळी वरठीहून गाडी धरून आम्ही तिघं नागपूरला जातोय. दोन दुकानांत सात-डी मार्क टू आहे असं कळलंय, एक बॅटरीसकट. मायनं पोळ्या बांधून द्यायचं कबूल केलंय. काल विचारत होती, "ते बॉडी आनसान तं पयला फोटो कोनाचा काढसान?" त्या कबड्डीवाल्या पोरीला विचारून आलो. मंगळवारी सरावाला ये म्हणाली, आणि रेषेच्या अलीकडं बस, मधे येऊ नको.