हंबनटोटाचे कर्ज आणि जगाचे समज

चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी २०१३ साली प्रथम अस्ताना येथे व पुढच्याच महिन्यात जाकार्ता येथे नव्या रेशीममार्गाची कल्पना मांडली. तेव्हापासून या एकाच योजनेची तीन चित्रे जगापुढे आहेत. बीजिंग तिला परस्परलाभाचे सहकार्य म्हणते. वॉशिंग्टनला तीत कर्जाचा सापळा दिसतो. आफ्रिकेतील कित्येक राजधान्यांना मात्र पाश्चात्त्यांनी नाकारलेले लोहमार्ग व बंदरे मिळण्याची ती संधी वाटते. टांझानिया व झांबिया यांना जोडणारा सुमारे १८६० किलोमीटरचा लोहमार्ग चीननेच १९७० ते १९७५ या काळात बांधून दिला, याचा तेथे विसर पडलेला नाही.

सापळा म्हणणाऱ्यांचा मुख्य साक्षीदार म्हणजे श्रीलंकेतील हंबनटोटा बंदर. कर्ज फिटेना म्हणून चीनने बंदर गिळले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्ष हकीकत निराळी आहे. चीनच्या निर्यात-आयात बँकेने २००७ साली पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ३० कोटी ७० लाख डॉलर ६.३ टक्के व्याजाने दिले. हे दान खचितच नव्हते. पुढे बंदर चालेना. २०१७ साली ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने एका चिनी सरकारी कंपनीकडे गेले व श्रीलंकेच्या हाती सुमारे ११२ कोटी डॉलर आले. परंतु या रकमेतून बंदराचे कर्ज फेडले गेले नाही, ते तसेच राहिले. पैसा गेला तो परकीय चलनाच्या आटलेल्या गंगाजळीत. कारण त्या देशाच्या मानगुटीवरचे सर्वांत मोठे ओझे आंतरराष्ट्रीय रोखेधारकांचे होते. २०२२ साली श्रीलंकेने परतफेड थांबवली, तेव्हाही चित्र हेच होते.

अर्थात याने चीन निर्दोष ठरत नाही. ज्या बंदराची मिळकत व्याजालाही पुरत नाही, त्यावर पैसा लावणारा सावकार शहाणा कसा म्हणावा? आणि पैसा मागणारे राज्यकर्ते? बंदर उभे राहिले ते तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांच्याच जिल्ह्यात. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. सापळ्याच्या कथेत ऋणको नेहमी भोळा असतो, आणि हे भोळेपण त्यालाही सोयीचेच असते. मलेशियाने ते पांघरले नाही. २०१८ साली सत्तेवर आलेल्या महाथीर यांनी पूर्व किनारा रेल्वेचे काम थांबवले आणि पुढच्या वर्षी तिचा खर्च साडेपासष्ट अब्ज रिंगिटवरून ४४ अब्जांवर आणला.

भारताने २०१७ च्या बीजिंग परिषदेवर बहिष्कार टाकला, तो पाकव्याप्त काश्मीरमधून जाणाऱ्या मार्गामुळे. तो सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे; कर्जसापळ्याच्या युक्तिवादाची त्याला गरज नाही. बीजिंगमध्येच मुख्यालय असलेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचा भारत हा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक असून, मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी २०२० साली तिच्याकडून ५० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. त्याने कोणाची झोप उडाली नाही. तेथील कर्जांचे दस्तऐवज प्रसिद्ध होतात.

चीनच्या सरकारी बँकांचे करार असे उघड नसतात, आणि समजांना रान मोकळे मिळते ते येथेच. मोंबासा-नैरोबी रेल्वेसाठी केनियाने २०१४ साली कर्ज घेतले; गाड्या २०१७ पासून धावू लागल्या. करारांचे काही कागद मात्र तेथील जनतेला पाहावयास मिळाले ते २०२२ साली, नवे सरकार आल्यावर. तंटा उद्भवल्यास लवाद बीजिंगमध्ये बसेल, असे त्यांत नमूद होते.