उभ्या मोटारींचा धूर कोणी गिळायचा?

शहरांतील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या तळघरांत आठवड्यातून दोनदा एक विधी यथासांग पार पडतो. मोटारीची किल्ली रखवालदाराच्या हाती ठेवून, ‘काका, गाडी जरा दहा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल,’ असे फर्मावून मालक लिफ्टने वर निघून जातो. खाली उरतात ते जागच्या जागी गुरगुरणारे इंजिन, बंदिस्त छताखाली साचणारा धूर आणि त्या धुरात उभा राहिलेला ठेकेदाराचा माणूस. २०२० च्या टाळेबंदीत मोटारी महिनोन्‌महिने उभ्या होत्या, तेव्हा या प्रथेला निदान एक निमित्त होते. टाळेबंदी उठली, प्रथा मात्र कायम आहे.

या विधीने बॅटरी भरते काय? हिशेब मांडून पाहावा. आजची मोटार उभी असतानाही तिच्यातील घड्याळ, गजर व संगणक थोडी थोडी वीज खात असतात. हा प्रवाह पन्नास मिलीअँपिअर धरला, तर आठवड्याला सुमारे ८.४ अँपिअर-तास खर्ची पडतात. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे महिनाभरात ती रिकामी. आता जमेची बाजू पाहू. इंजिन मंदगतीने चालते तेव्हा आल्टरनेटर आपल्या क्षमतेचा अंशच देतो, आणि त्यातलाही बराचसा इंधनपंप व ठिणगीयंत्रणा घेऊन जातात. बॅटरीच्या वाट्याला सात-आठ अँपिअर आले असे उदारपणे मानले, तरी दहा मिनिटांत सव्वा अँपिअर-तास मिळतो. दोन वेळा मिळून अडीच. खर्च ८.४, जमा २.५! ज्या मध्यमवर्गाला घरखर्चात पैशाचा हिशेब चुकलेला चालत नाही, त्याला ही तूट दिसू नये, याचे नवल वाटते. शिवाय अर्धवट भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिचे आयुष्य कमी होते, ते वेगळेच.

ही तूट इंजिन उभे चालवूनच भरायची, तर आठवड्याला तासाहून अधिक वेळ व किमान अर्धा लिटर पेट्रोल जाळावे लागेल. विजेच्या साध्या चार्जरवर तेच काम पाव युनिटात होते. आपला देश गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. ते परकीय चलन कोठेही न जाणाऱ्या मोटारींच्या सेवेत जळते आहे.

पण पेट्रोलचे पैसे तरी मालक भरतो. धुराचे मोल कोण भरतो? थंड इंजिनाचा धूर सर्वांत वाईट असतो, कारण धूर शुद्ध करणारे उपकरण पुरेसे तापल्याशिवाय काम करीत नाही. दहा मिनिटांच्या मंद चालीतील बराचसा धूर असा अशुद्धच बाहेर पडतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हवा खेळती नसलेल्या जागेत तो साचतो आणि रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. ‘काकांना हल्ली सुस्ती फार’ अशी तक्रार करणाऱ्या संस्थेच्या चिटणिसाने ही लक्षणे लक्षात ठेवलेली बरी.

महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा झाला, मंडळे स्थापन झाली. तरीही संस्थांच्या दारांत उभा असलेला बहुसंख्य रखवालदार ठेकेदाराच्या मर्जीवर जगतो. मोटारीचे इंजिन राखणे हे त्याच्या कामात बसत नाही, त्याचा मोबदला त्याला मिळत नाही आणि ‘नाही’ म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. यालाच आपल्याकडे ‘घरच्यासारखे संबंध’ म्हणतात.

असल्या क्षुल्लक गोष्टीत पक्षाने काय लक्ष घालायचे, असे काही साथी म्हणतील. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, श्रमिकाच्या फुफ्फुसाचा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशीच का थांबावा? आपले कितीतरी सहानुभूतीदार याच संस्थांत राहतात, कित्येक कार्यकारिणीवर आहेत. कामगारांच्या मोर्चाला ते आवर्जून येतात. किल्ली मात्र तेही काकांकडेच देतात!

मालकाला मार्ग नाहीत असेही नाही. बॅटरीची ऋण तार दहा नंबरच्या पान्याने सोडवून ठेवता येते. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढाच त्रास. नाहीतर आठवड्यातून एकदा स्वतः तासभर मोटार रस्त्यावर न्यावी. तेही जमत नसेल, तर मुळात ही मोटार कशासाठी बाळगली आहे, याचा विचार करावा.

संस्थांच्या येत्या सर्वसाधारण सभेत साथींनी तीन ठराव मांडावेत. तळघरात उभ्या मोटारीचे इंजिन चालू ठेवण्यास पूर्ण बंदी. चार्जरसाठी वेगळ्या मीटरची जोडणी, जिचे बिल मोटारमालकांनीच भरायचे. आणि रखवालदाराच्या कामांची लेखी यादी, तीही त्याला वाचता येईल अशा भाषेत, फाटकाजवळच्या फलकावर लावलेली.