लेबलवरचं नाव

लेड झेपलिनच्या चाहत्यांशी माझं एका बाबतीत कधीच पटत नाही. गिटार, ड्रम, गायकाचा तो गगनभेदी आवाज, सगळं मान्य. 'लेड झेपलिन टू' ही १९६९ सालची रेकॉर्ड मी आजही आवाज वाढवून ऐकतो आणि सौ. स्वयंपाकघराचं दार लावून घेतात. वाद आहे तो रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावरून. तिथे गाण्याखाली बारीक अक्षरांत कर्त्याचं नाव छापतात. आयुष्याची पस्तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जखाती तपासण्यात गेल्यामुळे असेल, माझी नजर आधी त्या बारीक अक्षरांकडे जाते.

या रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं 'होल लॉटा लव्ह'. कर्ते म्हणून झेपलिनच्या चौघांची नावं. प्रत्यक्षात त्यातल्या शब्दांचा बराच भाग 'यू नीड लव्ह' या गाण्यातून आलेला. ते मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायलं होतं आणि लिहिलं होतं शिकागोच्या विली डिक्सन यांनी. डिक्सन यांनी १९८५ साली दावा लावला, १९८७ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि आता कर्त्यांत त्यांचंही नाव येतं. याच मंडळींची पहिली रेकॉर्डही १९६९ सालचीच. तिच्यावर डिक्सन यांची दोन गाणी आहेत, आणि त्यांच्याखाली डिक्सन यांचं नाव व्यवस्थित छापलेलं आहे! म्हणजे माणूस ठाऊक होता, त्याचं नाव कसं लिहायचं तेही ठाऊक होतं.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. माझा भाचा ते मोठ्या आत्मविश्वासाने देतो. "मामा, ब्लूज हे लोकसंगीत. ते कुणा एकाचं नसतंच. सगळे सगळ्यांचं घेतात."

यातलं अर्धं खरं आहे. ब्लूजचा साचा सर्वांचा आहे. चार-चार मात्रांची बारा घरं, मुख्यतः तीन कॉर्ड. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गंधार धड शुद्ध नाही, धड कोमल नाही, दोहोंच्या मध्ये कुठेतरी घुटमळणारा. हे कुणाच्या मालकीचं नाही. पण ओवीचा छंद सगळ्यांचा म्हणून ज्ञानेश्वरी सगळ्यांनी मिळून लिहिली, असं आपण म्हणतो का? आपल्याकडच्या संतांनी तर आणखी पक्की व्यवस्था करून ठेवली. अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नावच गुंफून टाकलं. गाणाऱ्याने ते गाळलं तर अभंग लंगडा पडतो. डिक्सन यांचं नाव गाण्यात नव्हतं, कागदावर होतं. आणि कागद दुसरा छापता येतो.

हे लोक कोण होते तेही पाहायला हवं. मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या एका मोठ्या मळ्यावर राबत होते. १९४१ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिथे गेले आणि त्यांनी त्यांचं गाणं टिपलं. दोन वर्षांनी मडी शिकागोला गेले. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या कलकलाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून हाती विजेवरची गिटार आली. पुढे जगभर जे रॉक म्हणून दुमदुमलं त्याचं मुद्दल हे असं, गरजेपोटी जमलेलं. बरं, मुद्दलावर हात मारणारे फक्त विलायतेतले गोरे तरुणच होते असंही नाही. मडी आणि डिक्सन यांना १९७०च्या दशकात आपली गाणी ज्या प्रकाशन कंपनीकडे होती तिच्यावरच रॉयल्टीसाठी कोर्टात जावं लागलं होतं.

आता दुसरी बाजू. ऑलमन ब्रदर्सची 'ॲट फिलमोर ईस्ट' ही १९७१ सालची रेकॉर्ड न्यूयॉर्कमधल्या प्रत्यक्ष कार्यक्रमांची आहे. माझ्या मते रॉकमधली याहून भरीव मैफल रेकॉर्डवर क्वचितच आली असेल. तिची अख्खी पहिली बाजू जुन्या ब्लूज गाण्यांची. 'स्टॉर्मी मंडे' सुरू करण्याआधी ही मुलं प्रेक्षकांना सांगतात, हे बॉबी ब्लँड यांचं जुनं गाणं. आणि लगेच दुरुस्ती करतात, खरं तर टी-बोन वॉकर यांचं. रंगात आलेल्या गर्दीपुढे एवढी काळजी घ्यायला काय लागतं? पण ती घेतली आहे. आणि मग जे वाजवलंय त्यात नक्कल औषधाला नाही. संथ लय, एकमेकांना वाट करून देणाऱ्या दोन गिटारी. ख्यालाची सवय असलेल्या कानाला ही बढत सहज कळते. ड्वेन ऑलमन त्याच वर्षी ऑक्टोबरात मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय चोवीस.

रोलिंग स्टोन्सचा हिशेब असा सरळ लागत नाही. नाव घेतलं मडी वॉटर्स यांच्या गाण्यावरून. १९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर बोलावणं आलं तेव्हा हाउलिन वुल्फ यांनाही बोलवा असा आग्रह धरला, आणि त्या धिप्पाड कृष्णवर्णीय गायकाच्या पायाशी बसून राहिले. तीन वर्षांनी याच स्टोन्सच्या 'बेगर्स बँक्वेट'च्या सुरुवातीच्या प्रतींवर रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचं 'प्रॉडिगल सन' स्वतःच्या नावावर छापलं गेलं. पुढे ते दुरुस्त झालं. २०१६ साली, सत्तरी ओलांडलेल्या जॅगर-रिचर्ड्स जोडीने, 'ब्लू अँड लोनसम' काढली. तीन दिवसांत मुद्रित केलेली बारा गाणी, बाराही दुसऱ्यांची. त्यांच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांतल्या सगळ्या रेकॉर्डी एका पारड्यात टाकल्या तरी मी हीच घेईन.

भाच्याला मी मडी वॉटर्स यांची 'फोक सिंगर' ऐकायला दिली. १९६४ सालची. विजेची गिटार नाही, आरडाओरडा नाही. बडी गाय साथीला, डिक्सन स्वतः बासवर. दोन स्वरांमध्ये एवढी शांतता की पंखा बंद करावासा वाटतो. त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि फोनवर डिक्सन यांची आणखी गाणी शोधू लागला. त्या फोनवर कर्त्याचं नाव पाहायला दोन-तीनदा बोट लावावं लागतं. लेबलच उरलेलं नाही.

झेपलिनचा एक धागा आपल्या दारातूनही गेलेला आहे. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर पडायला २०१५ साल उजाडलं, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. तबला-सतारीचा तो मेळ ऐकण्यासारखा आहे. गाण्यांच्या यादीत नाव आहे ते 'द बॉम्बे ऑर्केस्ट्रा', एवढंच.