समेट कोणाचा, शरणागती कोणाची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण महाराष्ट्राला नवी नाही. नवीन आहे ते एवढेच की, आता खुद्द राज्यसंस्थाच ती म्हण जनतेला ऐकवू लागली आहे. खटल्यांचे डोंगर साचले आहेत, तेव्हा लोकांनी मध्यस्थापुढे बसून आपापसांत मिटवून घ्यावे, असा उपदेश सर्व व्यासपीठांवरून चालू आहे. 2023 साली संसदेने मध्यस्थी कायदा केला. 2021 च्या मूळ विधेयकात दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची होती. संसदीय समितीच्या आक्षेपांनंतर ती ऐच्छिक झाली. व्यापारी दाव्यांत मात्र, तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर, 2018 पासून ही पायरी सक्तीचीच आहे. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून उघड दिसते.

मध्यस्थीला तत्त्वतः विरोध करण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. भावाभावांतील बांधाचा तंटा, शेजाऱ्यांमधील पाण्याच्या वाटेचा वाद, भागीदारांमधील हिशेबाची कुरबूर, अशा प्रकरणांत उद्याही एकमेकांचे तोंड पाहायचे असते. तेथे निकालापेक्षा समेट केव्हाही श्रेयस्कर. मध्यस्थ निर्णय लादत नाही, पक्षकार स्वतः मार्ग शोधतात, ही या पद्धतीची खरी थोरवी आहे. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: समोरासमोर बसलेली माणसे बरोबरीची असतात. आपल्या समाजात हे गृहीतक किती ठिकाणी टिकते?

न्यायालयात, निदान तत्त्वतः, सत्य कोणाच्या बाजूला हे ठरते. तडजोडीत थांबण्याची ताकद कोणाकडे हे ठरते. समजा, एका मजुराचे ठेकेदाराकडे साठ हजार रुपये अडकले आहेत. ठेकेदार म्हणतो, ‘पंचवीस हजार आज घे, नाहीतर दहा वर्षे कोर्टाच्या खेपा घाल.’ मजूर पंचवीस हजार घेतो. कागदावर दोघांचीही राजीखुशी असते. प्रत्यक्षात मजुराच्या घरातील रिकाम्या डब्यांनी सही केलेली असते. उरलेले पस्तीस हजार ही न्यायालयीन विलंबाची किंमत होय, आणि ती ठेकेदाराच्या खिशात जाते. आता नव्या कायद्याचा मजकूर पाहावा. मध्यस्थीतील करार हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक ठरतो. त्याला आव्हान द्यायचे तर फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा तो वाद मध्यस्थीस मुळातच अपात्र असणे, एवढीच कारणे चालतात. गरजेपोटी दिलेली संमती या यादीत बसत नाही.

हा प्रयोग महाराष्ट्राने पूर्वी पाहिला आहे. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रोख्यामागचा व्यवहार मुळापासून तपासण्याचे काम त्याने न्यायालयावर सोपविले, ही मोठीच सुधारणा होती. त्याच कायद्याने समेट घडविण्यासाठी गावोगावची वजनदार माणसेही नेमली. त्यांच्या दाखल्याखेरीज दावा चालेना, आणि त्यांच्यापुढे झालेला करार पुढे हुकूमनाम्याचे बळ धारण करी. परिणामी न्यायालयाने उकरून पाहावे असे खाते समेटाच्या कागदाखाली झाकण्याची वाट सावकाराला सापडली, अशी टीका त्या काळीच झाली. कर्जदाराच्या रक्षणासाठी घातलेली पायरी धनकोच्या सोयीची ठरली. कालांतराने सरकारनेच ही पद्धत गुंडाळली.

याउलट 1918 चा अहमदाबादचा गिरणी लढा पाहावा. तेथेही शेवट वाटाघाटीनेच झाला. प्रश्न लवादाकडे गेला आणि आनंदशंकर ध्रुव यांनी कामगारांची पस्तीस टक्के वाढीची मागणी मान्य केली. परंतु त्याआधी हजारो कामगार तीन आठवड्यांहून अधिक काळ एकजुटीने उभे राहिले होते आणि गांधीजींनी उपोषण केले होते. आधी बळ उभे राहिले, मग लवाद आला. क्रम उलटा असता तर पस्तीस टक्के हा आकडा कामगारांच्या हाती पडला असता काय?

दुबळ्यावरील दडपण नेहमी धनकोकडूनच येते असेही नाही. 15 ऑगस्ट 2007 रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता आणि अनेक गावांत जुने वाद मिटलेही. परंतु तंटामुक्तीला रोख बक्षीस जोडले गेले, की तक्रार करणारा माणूसच गावाच्या बक्षिसाआड येतो. नवऱ्याचा मार खाणारी बाई आणि गावकीचा अपमान सोसणारा दलित यांना ‘गावाचे नाव राख’ हा सल्ला कोणत्या सुरात दिला जातो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

आणि हा उपदेश करणारे सरकार स्वतः काय करते? देशातील सर्वांत मोठा पक्षकार तेच आहे. तरीही 2023 चा कायदा सरकारला मुख्यतः व्यापारी वादांपुरताच लागू होतो. इतर वाद सरकार स्वतः अधिसूचना काढील तेव्हा. विधी आयोगाने 1987 साली दर दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीशांची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयानेही 2002 मध्ये तोच आकडा उचलून धरला. आजही हे प्रमाण पंचवीसच्या आतच आहे, आणि कनिष्ठ न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. न्यायाधीश नेमायचे नाहीत, आणि मग रांग लांबली म्हणून रांगेतल्यांनाच घरी जाण्याचा सल्ला द्यायचा, ही काटकसर गरिबांच्या हक्कांतून केलेली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. न्यायाधीशांची पदे वाढवा व भरा. किमान वेतनाची रक्कम तडजोडीचा विषय होता कामा नये. दुर्बल पक्षकाराशेजारी सरकारी खर्चाने वकील बसल्याखेरीज मध्यस्थीची बैठक सुरू होऊ नये. दडपण आणि अगतिकता ही करार रद्द करण्याची कारणे कायद्यात लिहा.

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे त्यांचे अर्ज नेणे, करार वाचून दाखविणे, सहीपूर्वी विचाराला वेळ मागून घेणे, ही कामे आजच करता येतात. कोर्टात जाण्याची खरी ताकद ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच समेटाला समेट म्हणता येते. ती ताकद नसलेल्याच्या सहीला दुसरे नाव आहे.