कठडा कोणी ठरवावयाचा?

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पुढे गव्हाणीत मोळी टाकली जाते आणि गळीत हंगाम सुरू झाल्याची घोषणा होते. या समारंभांत उसाचा भाव, साखरेचा उतारा, गाळपाचे उद्दिष्ट यांविषयी पुष्कळ बोलले जाते. पाहुणे ज्या जमिनीवर उभे राहून बोलतात, तिच्यापासून कित्येक मीटर उंचीवर, पॅन आणि इव्हॅपोरेटर यांच्या भोवतीच्या लोखंडी पायवाटांवर कामगार पुढचे काही महिने रात्रंदिवस वावरणार असतो. त्या पायवाटांना पुरता कठडा आहे काय, पायाखालची प्लेट गंजून कागदासारखी झाली आहे काय, हे प्रश्न त्या भाषणांत सहसा येत नाहीत. ते किरकोळ तांत्रिक प्रश्न समजले जातात. वस्तुतः कारखान्यात सत्ता कोणाची आहे, हे जाहीरनाम्यांपेक्षा कठड्याच्या उंचीवरून अधिक अचूक कळते.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने मजले, जिने, मार्ग व पायवाटा भक्कम बांधणीच्या असाव्यात, जेथे कोणाला काम करावे लागते अशा प्रत्येक ठिकाणी जाण्याची सुरक्षित सोय असावी, असे बंधन घातले होते. मात्र ही सोय ‘वाजवी रीतीने शक्य असेल तेथवर’ करावयाची होती. या शब्दांच्या आडोशाला अनेक व्यवस्थापनांनी आपली काटकसर सुखाने नांदविली. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९४९ साली एडवर्ड्स विरुद्ध राष्ट्रीय कोळसा मंडळ या खटल्यात या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला. खाणीतील आधार न दिलेला मार्ग कोसळून एक कामगार ठार झाला होता. सर्वच मार्गांना आधार देणे खर्चाचे आहे, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाचा निर्णय असा की, तराजूच्या एका पारड्यात धोका व दुसऱ्यात खर्च, वेळ व त्रास ठेवावा; धोक्याच्या मानाने खर्च अतोनात ठरला तरच मालकाची सुटका होईल, आणि तो तसा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाचीच राहील.

या खटल्यातील प्रतिवादी खासगी मालक नव्हता, ती राष्ट्रीयीकृत संस्था होती, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने विशेष ध्यानात ठेवावी. मालकीचे रूप बदलले म्हणून कठडा आपोआप उभा राहत नाही. सहकारी कारखान्यालाही हे तितकेच लागू आहे. सभासद शेतकरी मालक झाला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच कारखान्याच्या पॅनवर काम करणारा त्याचा भाऊबंद गंजक्या प्लेटवर उभा असेल, तर सहकार निम्म्या वाटेवर थांबला असे म्हणावे लागेल.

आता कायद्याची चौकटही बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता अमलात आली. तेरा कायदे तिच्यात विलीन झाले व त्यांत कारखाना अधिनियमही गेला. विजेवर चालणाऱ्या उद्योगाला ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. विजेविना चालणाऱ्यास वीसऐवजी चाळीस. जिना व मजला कसा असावा याचा तपशील पूर्वी संसदेने मंजूर केलेल्या कलमात होता. आता तो सरकारने अधिसूचनेने जाहीर करावयाच्या मानकांवर सोपविलेला आहे. निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुलभकर्ता’ हे शेपूट जोडले गेले. कायद्याचे डोळे असे मिटू लागले असता कामगाराने आपले डोळे उघडे ठेवणे अधिकच अगत्याचे ठरते.

त्यासाठी इंजिनिअरची पदवी लागत नाही, मोजपट्टी लागते. यंत्रांवर चढण्याच्या मार्गांविषयीचे आयएसओ १४१२२ हे आंतरराष्ट्रीय मानक पुष्कळ गोष्टी नेमकेपणाने सांगते. कठड्याची उंची किमान १,१०० मिलिमीटर हवी. वरच्या दांडीखाली मधली दांडी हवी व त्यांच्यामधील अंतर ५०० मिलिमीटरहून अधिक नसावे. तळाशी किमान १०० मिलिमीटर उंचीची पट्टी हवी, म्हणजे पाना किंवा बोल्ट खालच्याच्या डोक्यावर पडणार नाही. जाळीच्या भोकातून ३५ मिलिमीटर व्यासाचा गोळा जाता कामा नये, आणि खाली माणसे काम करीत असतील तर २० मिलिमीटरचाही जाता कामा नये. चढ ४५ अंशांपर्यंत असेल तेथे जिना हवा. उभी शिडी हा शेवटचा पर्याय आहे. हातात नमुन्याची बाटली वा हत्यार घेऊन दर तासाला जेथे जावे लागते, तेथे शिडी लावणे म्हणजे अपघाताची तजवीज करणे होय.

पायाखाली काय घालावे, हाही निवडीचा प्रश्न आहे. चेकर्ड प्लेटवर पाणी, रस, मळी साचते. ती निसरडी होते आणि साचलेल्या ओलीखाली गंजते. उसाचा रस आम्लधर्मी असतो, आणि हंगाम संपल्यावर पावसाळाभर दमट हवेत उभे असलेले लोखंड खालच्या बाजूने झिजत राहते. वरून मात्र रंगाचा हात दिलेला असतो. ग्रेटिंगच्या जाळीवर ओल टिकत नाही, पण तिची भोके बारीक असली पाहिजेत व तिचे तुकडे तळाच्या चौकटीस पक्के जखडलेले असले पाहिजेत. निविदेतील सर्वांत कमी आकड्याकडे पाहणाऱ्या खरेदी विभागाला हा भेद दिसत नाही. ज्याचा पाय तेथे घसरतो त्याला तो दिसतो. म्हणून निविदा काढण्यापूर्वी त्या पाळीतील कामगारांना विचारले पाहिजे.

येथे व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर येते: सेफ्टी बेल्ट दिला आहे. हे उत्तर फसवे आहे. सुरक्षेच्या उपायांचा सर्वमान्य क्रम असा की, प्रथम वर चढण्याची गरजच टाळावी, व्हॉल्व्हचा दांडा लांबवून तो खालून फिरविता येईल असे करावे. ते जमत नसेल तर कायमची, कठडा असलेली पायवाट बांधावी. आणि दोन्ही अशक्य असतील तेथेच पट्टा वापरावा. कठडा सर्वांचे रक्षण करतो व कोणी विसरला तरी करतो. पट्टा एकट्याचे रक्षण करतो, तेही तो अडकविण्यास भक्कम जागा असेल तर. पट्ट्याचा आणखी एक उपयोग असतो: अपघातानंतर ‘कामगाराने पट्टा लावला नव्हता’ असे लिहिता येते. व्यवस्थेचा दोष मृताच्या माथी मारण्याचे ते सोयीचे साधन आहे.

परंतु दोष केवळ व्यवस्थापनाचा नाही. धोक्याचे काम असेल तेथे भत्ता मागावा, ही कामगार चळवळीची जुनी सवय आहे. भत्ता पगारपत्रकात दिसतो, कठडा दिसत नाही. त्यामुळे करारात भत्ता मिळाला की विजय साजरा होतो. धोका मात्र जागच्या जागी राहतो, त्याची फक्त किंमत ठरते. त्यातही ही किंमत कायम कामगाराला मिळते. बंद हंगामात पत्रे बदलण्यास, टाक्या साफ करण्यास जो कंत्राटी मजूर सिमेंटच्या ठिसूळ पत्र्यांवर चढतो, त्याला भत्ता नाही, बऱ्याचदा संघटनेचे सभासदत्वही नाही. ज्या संघटनेच्या लेखी तो नाही, तिची सुरक्षेची मागणी अपुरी आहे.

लहान कारखान्यांना हा खर्च पेलेल काय, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो झटकून चालणार नाही. पण नव्या बांधणीत कठडा, मधली दांडी व तळपट्टी यांचा खर्च यंत्रसामग्रीच्या मानाने अल्प असतो. महाग पडते ती नंतरची डागडुजी. जुन्या पायवाटांची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करता येईल, मात्र टप्पे लेखी व तारखेसह हवेत, आणि तोवर धोक्याची वाट बंद ठेवावयास हवी.

तेव्हा पुढील अग्निप्रदीपनापूर्वी कार्यकर्त्यांनी एक साधे काम करावे. कायम व कंत्राटी कामगारांचे एकेक पथक मोजपट्टी घेऊन प्रत्येक पायवाटेवरून फिरावे. उणीव असलेली प्रत्येक जागा वहीत नोंदवावी. ती यादी व्यवस्थापनाला व निरीक्षकाला लेखी द्यावी आणि कारखान्याच्या दाराशी लावावी. पुढच्या करारात भत्त्याच्या कलमाआधी या यादीचे कलम यावे. उंचीवर काम करणाऱ्याला धैर्याचे प्रशस्तिपत्र नको आहे. पाळी संपवून घरी जाण्याचा त्याचा हक्क त्याला हवा आहे.