शिक्क्यावरची तारीख

थाई भाषा शिकवणाऱ्या शाळांच्या जाहिरातींत 'एक वर्षाचा व्हिसा' हे शब्द सर्रास आढळतात. पुण्या-मुंबईचा तरुण ते वाचतो, वर्षाची फी भरतो आणि वर्षभराची सोय झाली असे मानून निघतो. माझ्या मते थायलंडला शिकायला जाणाऱ्याची बहुतेक संकटे या तीन शब्दांपासून सुरू होतात, म्हणून आधी तेच नीट वाचायला हवेत.

विद्यार्थ्याला मिळतो त्या व्हिसाचे नाव 'नॉन-इमिग्रंट ईडी'. एकाच प्रवेशाचा असेल तर त्यावर साधारण तीन महिन्यांची वैधता लिहिलेली असते. त्या मुदतीत देशात पाऊल टाकायचे, एवढाच तिचा अर्थ. आत किती दिवस राहायचे हे त्या कागदावर ठरतच नाही. ते विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो तेव्हा ठरते, आणि ईडीवर आलेल्याला तिथे नव्वद दिवस मिळतात. समजा, व्हिसाची अखेरची तारीख 31 ऑगस्ट आहे आणि विद्यार्थी 10 जूनला बँकॉकला उतरला. उतरल्याचा दिवस धरून त्याचे नव्वद दिवस 7 सप्टेंबरला भरतात. त्याच्या दृष्टीने आता 31 ऑगस्टला काही अर्थ नाही आणि शाळेच्या वर्षालाही नाही. 7 सप्टेंबरच्या आत इमिग्रेशनच्या कार्यालयात जाऊन मुदत वाढवून घेतली नाही, तर 8 तारखेला सकाळी तो बेकायदा रहिवासी होतो.

ही मुदतवाढही भाषाशाळेच्या विद्यार्थ्याला बहुधा नव्वद दिवसांचीच मिळते. प्रत्येक वेळी 1,900 बाट शुल्क, प्रत्येक वेळी शाळेची नवी कागदपत्रे, प्रत्येक वेळी अधिकाऱ्यासमोर बसणे. विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमाला असलेल्यांना एकदम जास्त मुदत मिळू शकते. खासगी भाषाशाळेत शिकणाऱ्याचे 'वर्ष' मात्र असे तुकड्यातुकड्यांनी बनते, आणि त्यातला एखादा तुकडा अधिकारी नाकारू शकतो. ज्याने वर्षाचे घरभाडे आगाऊ भरले, इथली नोकरी सोडली, त्याला ही गोष्ट निघण्यापूर्वी कळायला हवी.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असे कुणी विचारील. भाषा त्या तोलाची आहे म्हणून. मराठी माणसाला थाई एकाच वेळी जवळची आणि दुर्गम वाटते. भाषेला तिथे 'फासा' म्हणतात, शिक्षकाला 'ख्रू', विद्यापीठातल्या प्राध्यापकाला 'आचान'. भाषा, गुरू, आचार्य हे शब्द त्यांत आपल्याला लगेच ओळखू येतात. पण चव्वेचाळीस व्यंजनचिन्हे आणि पाच सूर समोर आले की ही ओळख फार पुरत नाही. एकाच 'मा'चा अर्थ सूर बदलला की 'येणे', 'घोडा' किंवा 'कुत्रा' होतो. कान तयार व्हायलाच महिने जातात. चार-सहा आठवड्यांत थाई येत नाही, आणि म्हणूनच मनापासून शिकणाऱ्याला पर्यटक म्हणून राहून भागत नाही.

तरीही पर्यटकाच्या सवलतीचा मोह मोठा असतो. 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना तीस दिवस विनाव्हिसा प्रवेश मिळू लागला आणि 2024 च्या जुलैत ती मुदत साठ दिवसांवर गेली. त्याआधी विमानतळावर 2,000 बाट भरून जेमतेम पंधरा दिवस मिळत. इतक्या थोड्या काळात जी गोष्ट इतकी बदलली ती पुढेही बदलणार, हे गृहीत धरूनच आखणी करावी. शिवाय अशी सवलत मुख्यतः पर्यटकांसाठी असते. तिचे दिवस संपले की शेजारच्या देशात जाऊन पुन्हा आत यायचे, असे वर्षभर चालवणाऱ्याला सीमेवरचा अधिकारी कधीही परत पाठवू शकतो. त्या अधिकाऱ्याला तसा अधिकार आहे.

आधी विनाव्हिसा जायचे आणि तिथे गेल्यावर ईडी करून घ्यायचा, असा एक रस्ता आहे आणि तो कायदेशीरही आहे. 2,000 बाट भरून देशातच अर्ज करता येतो. अट अशी की अर्जाच्या दिवशी मुक्कामाचे किमान पंधरा दिवस शिल्लक हवेत. गोची इथेच होते. शाळेला तुमच्यासाठी शिक्षण खात्याकडून पत्र आणावे लागते आणि त्याला काही आठवडे लागतात. जाऊन शाळा बघायची, मग ठरवायचे, मग फी भरायची, मग पत्राची वाट पाहायची, असे करता करता मुक्कामाचे बरेचसे दिवस कधी सरले ते कळतही नाही. त्यापेक्षा पत्र इथे मागवून घ्यावे आणि इथूनच अर्ज करावा. 2025 च्या जानेवारीपासून भारतातून हा अर्ज ऑनलाइन ई-व्हिसा म्हणून करता येतो. वेळ तेवढाच जातो, पण तो आपल्या घरी बसून जातो.

आता शाळेबद्दल, कारण सगळा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो. खासगी भाषाशाळा थायलंडच्या खासगी शाळा कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतात. विद्यार्थ्याचा मुक्काम ज्या कागदावर उभा असतो तो कागद शाळा मिळवते. हजेरीचा दाखला शाळा देते. विद्यार्थी येईनासा झाला की इमिग्रेशनला कळवण्याची जबाबदारीही तिचीच. म्हणजे आपण फी भरून नुसता वर्ग विकत घेत नाही. त्या देशातले आपले कायदेशीर अस्तित्व त्या संस्थेच्या हाती सोपवतो. शाळा सोडली की मुक्कामाचा आधारही सुटतो. मधेच दुसरी शाळा आवडली म्हणून सहज उठून तिकडे जाता येत नाही. बहुधा सगळी कागदपत्रे पहिल्यापासून करावी लागतात.

काही शाळांचा खरा धंदा व्हिसाचा असतो. ज्यांना थायलंडमध्ये राहायचे आहे पण राहायला दुसरे कारण नाही, अशा परदेशी लोकांना त्या विद्यार्थी म्हणून दाखवतात. वर्ग कागदावर भरतात, हजेरी कागदावर लागते. हे इमिग्रेशनला चांगले ठाऊक आहे, म्हणूनच मुदतवाढीच्या वेळी अधिकारी विद्यार्थ्याशी थाईत बोलू लागतात. नाव काय, कुठे राहता, शाळेत कसे जाता, फळ्यावरचे हे वाक्य वाचा, तुमच्या शिक्षकाचे नाव लिहा. सहा महिने थाई शिकल्याचा दाखला असलेल्या माणसाला हे आले नाही तर त्याची मुदतवाढ अडते आणि शाळेवर संशय येतो. एकदा शाळेवर संशय आला की तिच्या प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल संशयाने उघडली जाते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे सापडणाऱ्या प्रामाणिक मुला-मुलींची. त्यांनी चार पैसे वाचावेत म्हणून स्वस्त शाळा निवडलेली असते. एजंटाने सांगितलेले असते की आठवड्याला चार तास आले तरी पुरे, नाही आले तरी आम्ही बघून घेऊ. 'आम्ही बघून घेऊ' हे वाक्य आपल्याकडे कानाला इतके सवयीचे आहे की त्यातला धोका जाणवत नाही. आरटीओपासून तलाठी कार्यालयापर्यंत आपण तेच ऐकत मोठे झालो. पण पासपोर्टवर नाव एजंटाचे नसते. हजेरीच्या खोट्या सहीचे परिणाम शाळेचा चालक किती भोगील ते माहीत नाही. विद्यार्थी मात्र पुरेपूर भोगतो.

म्हणून पैसे देण्याआधी शाळेला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. मंत्रालयाच्या पत्राला किती दिवस लागतात? व्हिसा नाकारला तर फी परत मिळते का, आणि हे लेखी देता का? आठवड्यात खरे तास किती, आणि वर्ग बुडाला तर काय होते? मुदतवाढीला शाळेचा माणूस बरोबर येतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आमच्याकडे तुम्हाला जावेच लागत नाही, पासपोर्ट द्या, आम्ही शिक्का आणून देतो' असे आले, तर त्या शाळेत पाऊल ठेवू नये. असा शिक्का खरा की खोटा हे अनेकांना विमानतळावर परतताना कळते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

पोहोचल्यानंतरची कामे किरकोळ दिसतात. त्यांच्या अर्जांची नावे 'टीएम' या अक्षरांनी सुरू होतात. इमिग्रेशनच्या थाई नावाचे ते लघुरूप. परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकाने चोवीस तासांत त्याची खबर द्यायची असते, तो टीएम 30. जबाबदारी मालकाची, पण त्याने ती पाळली नाही तर खोळंबा होतो तो भाडेकरूचा, कारण पुढच्या कामाला गेल्यावर अधिकारी त्याची पावती मागतात. खोली घेण्याआधीच मालकाला हे विचारावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर खोली कितीही छान असली तरी सोडावी. सलग नव्वद दिवस देशात राहिल्यावर पत्ता कळवायचा तो टीएम 47. ठरलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत तो देता येतो आणि चुकला तर 2,000 बाट दंड होतो. ही नव्वद दिवसांची खबर आणि नव्वद दिवसांची मुदतवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा एकच असल्यामुळे अनेक जण खबर देऊन आले की मुदत वाढली असे समजतात. खबर दिल्याने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही.

तारखांचा आणखी एक गोंधळ असतो. थाई कागदांवर बौद्ध वर्ष लिहितात आणि ते इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे असते. इमिग्रेशनचा मूळ कायदा 2522 चा म्हणजे 1979 चा. शके आणि सन यांची सांगड घालण्याची सवय आपल्याला आहे; तशीच इथेही करावी लागते. शाळेच्या पत्रातले अभ्यासक्रमाचे वर्ष, भाडेकरारातले वर्ष आणि अर्जात आपण भरतो ते वर्ष यांचा मेळ स्वतः घालून पाहावा.

मग दिवाळी येते. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत हाच धोका सर्वांत मोठा, असे मला वाटते. मुक्कामाची परवानगी पुष्कळ शिल्लक असते, तिकीट स्वस्त मिळते, आई फोनवर कधी येतोस म्हणून विचारत असते. मुलगा चार दिवस घरी येऊन जातो. पण देशाबाहेर पडताना 'री-एंट्री परमिट' घेतलेले नसेल तर विमानतळावर बाहेर पडण्याचा शिक्का उमटतो त्याच क्षणी उरलेली सगळी परवानगी संपते. परत येताना त्याला पर्यटक म्हणून आत घेतील. विद्यार्थी म्हणून त्याची सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते: शाळेचे पत्र, मंत्रालय, शुल्क, वाट पाहणे. हे परमिट एका प्रवासासाठी 1,000 बाट आणि अनेक प्रवासांसाठी 3,800 बाट, एवढ्यात मिळते. शहरातल्या कार्यालयात मिळते, सुवर्णभूमीसारख्या मोठ्या विमानतळावर निघतानाही मिळते. हजार बाट म्हणजे आपले तीन हजार रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी अनेकांचे वर्ष मोडते. हे परमिट मुक्कामाची तारीख पुढे नेत नाही, आहे ती जपून ठेवते, हेही लक्षात असावे.

मुदत उलटून राहिल्यास दिवसाला 500 बाट दंड, जास्तीत जास्त 20,000. हा आकडा ऐकून काही जण हिशेब मांडतात की एवढे भरून टाकू. पण 2016 च्या मार्चपासून दंडासोबत प्रवेशबंदी आली आहे. नव्वद दिवसांहून अधिक मुदत ओलांडून स्वतः हजर झाला तरी एक वर्ष बंदी, वर्षाहून अधिक असेल तर तीन वर्षे, तीन वर्षांहून अधिक असेल तर पाच, पाचांहून अधिक असेल तर दहा. स्वतः हजर न होता पकडला गेला तर मुदत एका दिवसाने उलटली असली तरी पाच वर्षे, आणि वर्षाहून अधिक उलटली असेल तर दहा. पकडलेल्यांना ठेवतात ते बँकॉकच्या सुअन फ्लू भागातले बंदीगृह गर्दीसाठी बदनाम आहे. भाषा शिकायला गेलेल्या मुलाने ते आतून पाहण्याची वेळ येऊ नये.

ईडीवर काम करता येत नाही, हेही इथे स्पष्ट सांगायला हवे. कामाचा परवाना वेगळा असतो आणि तो नसताना काम करताना सापडल्यास 5,000 ते 50,000 बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. बँकॉकमध्ये भारतीयांची दुकाने आहेत, हॉटेले आहेत, ओळखीची माणसे भेटतात. 'संध्याकाळी दोन तास ये, गल्ल्यावर बस' असे कुणी आपुलकीने म्हणतो. खर्च भागवण्यासाठी इंग्रजीच्या शिकवण्याही मिळतात. वर्षाचा खर्च हातात नसताना अशा कमाईच्या भरवशावर निघू नये. घरच्यांनीही त्या भरवशावर पाठवू नये.

छेंग वत्तना रस्त्यावरच्या सरकारी संकुलात बँकॉकचे इमिग्रेशन कार्यालय आहे. तिथे सकाळी लवकर जावे, कागदांच्या दोन-दोन प्रती न्याव्यात, फोटो न्यावेत. नंबर लागतो, अधिकारी काही विचारतो, शिक्का बसतो आणि पासपोर्ट परत हातात येतो. त्या क्षणी खिडकीसमोरून हलू नये. मागे रांग असली तरी पान उघडावे, नव्या शिक्क्यावरची तारीख वाचावी, बोटांवर दिवस मोजावेत. चूक झाली असेल तर ती त्याच खिडकीत, त्याच माणसाकडून, दोन मिनिटांत दुरुस्त होते. मग तिथेच बाकावर बसून पुढची तारीख फोनमध्ये लिहावी, तिच्या वीस दिवस आधीचा गजर लावावा आणि तीच तारीख घरी आईलाही कळवावी.